जुन्या प्रवासी व्हॅनला उघडणारं छत (पॉप-टॉप) बसवायचंय, पत्रा कापण्याआधी काय बघावं?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक जुनी प्रवासी व्हॅन आहे. लांब बॉडी, मूळचं ठेंगणं छत, दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग, इंजिन अजून ठणठणीत. मागची बाकं काढून तिथे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केली आहे, मधली रांग बसायला ठेवली आहे. मुक्कामाला निघालो की दर वेळी एकच गोष्ट खुपते, आत ताठ उभं राहता येत नाही. भांडी घासणं, कपडे बदलणं, सगळं कमरेत वाकून. मुलंही मोठी होतायत, खाली चौघं मावत नाहीत.

कायमचं उंच छत नको, कारण गाडी रोजच्या वापरात आहे आणि जिथे ठेवतो तिथे उंची मोजकी आहे. म्हणून पॉप-टॉप. डोक्यात आहे ते असं: पुढच्या टोकाला बिजागरी, मागून वर उचललं जाणारं फायबरचं छत, तिन्ही बाजूंना कॅनव्हास आणि वर दोघांना झोपायला फळी.

छताला एवढं मोठं भोक पाडल्यावर बॉडीत काय उरतं, ही माझी खरी काळजी. तयार किट घ्यावं, भंगारातल्या कॅम्परचं (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचं) छत शोधावं, की नवं बनवून घ्यावं? गॅस स्ट्रट (दाबलेला वायू भरलेल्या, छत उचलायला मदत करणाऱ्या दांड्या) किती ताकदीचे लागतात? हे काम केलेल्या किंवा जवळून पाहिलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रानवारा

विषय चांगला काढलात. आधी एक सांगा, छताचं अस्तर उतरवून बघितलंय का? मालवाहू व्हॅनमध्ये वर नुसता पत्रा आणि आडव्या पट्ट्या असतात. प्रवासी व्हॅनमध्ये त्याच पोकळीतून मागच्या एसीचे डक्ट (हवेच्या नळ्या), दिव्यांच्या वायरी आणि काही मॉडेलांत सीटबेल्टचे वरचे नटसुद्धा असतात. बाहेरून टेप लावून मापं घेण्याआधी आतून उघडा. दोन दिवसांनी फोटो टाका, मग पुढचं बोलता येईल.

पत्राकाम

बॉडीचं काम हाच माझा व्यवसाय, म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा लांब उत्तर देतो.

छताचा पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर जाड असतो, बोटाने दाबला तर आत जातो. त्यामुळे अनेकांना वाटतं की एवढासा पत्रा कापला तर काय बिघडणार. पण तो पत्रा उचलायला किंवा दाबायला मजबूत नसला तरी पिळायला फार मजबूत असतो. खोक्याचं झाकण चारही कडांना चिकटवलेलं असलं की खोकं तिरकं होत नाही, झाकण काढलं की तेच खोकं हाताने समांतरभुज चौकोनासारखं झुकतं. व्हॅनचं तसंच. त्यात एका बाजूला सरकत्या दाराचं मोठं भोक आधीच आहे, म्हणजे ती बाजू मुळातच कमजोर. प्रवासी व्हॅनमध्ये भर म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याऐवजी काचा.

दुसरी गोष्ट आडव्या पट्ट्यांची. या पट्ट्या डाव्या खांबाला (दार-खिडक्यांमधल्या उभ्या भागाला) उजव्या खांबाशी बांधतात. गाडी कलंडली तर खांब आत वळू नयेत हे काम त्यांचं. तुम्ही भोक पाडता तेव्हा मधल्या दोन किंवा तीन पट्ट्या जातात.

म्हणून माझं म्हणणं असं की पॉप-टॉपचं काम म्हणजे खरं तर एका चौकटीचं काम आहे. फायबरचं छत, स्ट्रट, कॅनव्हास हे सगळं त्या चौकटीवर बसतं. भोकाच्या कडेने पूर्ण बंद फिरणारी, कुठेही न तुटलेली पोलादी चौकट हवी. साधारण ४० बाय २० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप लोक वापरतात. कोपऱ्यात नुसता काटकोनात जोड न देता त्रिकोणी पट्टी मारायची. जिथे जिथे मूळची पट्टी कापली तिथे तिचं उरलेलं टोक चौकटीला जोडायचं, म्हणजे खांबावरून येणारा जोर चौकटीत शिरतो आणि फिरून पलीकडच्या खांबाला पोचतो. टोकं मोकळी लोंबत ठेवली तर चौकट असून नसल्यासारखी.

दारांच्या वर जी लांबची बंद पोकळ कड धावते तिला हात लावायचा नाही. समोरच्या काचेवरची पट्टी आणि मागच्या दारावरची पट्टी पूर्ण राहिली पाहिजे. भोक या चौघांच्या आत बसेल तेवढंच. त्यात तुमची फळी बसत नसेल तर फळी लहान करा.

निळी_गाडी

पत्राकाम यांच्या प्रतिसादाला +१. किट की जुनं छत या प्रश्नाला तेच उत्तर पुढे नेतं.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फोकस्टोनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने १९५० च्या दशकात बेडफर्डच्या व्हॅनवर डॉर्मोबील नावाच्या कॅम्पर बनवल्या. त्यांचं उघडणारं छत बाजूला बिजागरी असलेलं, रेघारेघांच्या कापडाचं. जर्मनीत वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनवर हेच काम अनेक दशकं केलं, १९८८ साली फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया ही कॅम्पर आली, आणि १९९५ च्या माझदा बोंगो फ्रेंडीमध्ये तर बटण दाबून मोटारीने उचललं जाणारं छत कारखान्यातूनच मिळू लागलं. या गाड्यांचं छत उघडून बघाल तर वरचं कवच साधं असतं, खरी मेहनत भोकाच्या कडेला घेतलेली दिसते.

तेव्हा भंगारातल्या कॅम्परचं छत घ्यायचं झालं तर नुसतं फायबर उचलून आणू नका. त्या गाडीच्या मूळ छताची कड, तिच्या आतल्या मजबुतीच्या पट्ट्या आणि बिजागऱ्यांच्या बैठका यांसकट कापून आणा. कवच नंतरही बनवून घेता येतं, ती कड नाही. आणि ते तुमच्याच मॉडेलच्या गाडीचं असलं तरच घ्या. दोन व्हॅनच्या छतांची रुंदी टेपने सारखी भरते, पण मधला फुगवटा वेगळा असतो. अर्ध्या इंचाचा फरक सीलंटने भरून काढायचा म्हटलं की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत.

तयार किट तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर माझं मत किटच्या बाजूने. चौकट गाडीच्या वळणाप्रमाणे बनवलेली असते, सोबत चाचणीचे कागद असतील तर नोंदणीत बदल दाखवताना ते उपयोगी पडतात. पण जुन्या मॉडेलांची किटं बंद होत जातात, हेही खरं.

पायवाट

पत्राकाम, निळी_गाडी, मनापासून आभार. अस्तर उतरवलं. रानवारा म्हणाले तसंच निघालं. उजव्या कडेने मागच्या एसीचा डक्ट मागपर्यंत जातो. आडव्या पट्ट्या पाच आहेत, त्यातल्या मधल्या तीन माझ्या भोकात येतात. आणि मधल्या रांगेच्या एका सीटच्या बेल्टचं वरचं टोक खांबाला नाही, थेट एका आडव्या पट्टीच्या टोकाला बोल्ट केलेलं आहे. ती पट्टी कापायच्या यादीत होती.

रानवारा

मग ती यादीतून काढा, किंवा ती सीट काढा. तिसरा रस्ता मला तरी पटत नाही.

बेल्टचा बोल्ट नुसता पत्र्यात नसतो, मागे जाड प्लेट वेल्ड केलेली असते. अपघातात एका माणसाचा जोर टनाच्या हिशोबात त्या एका बोल्टवर येतो. पट्टी मधून कापली की ती दोन्ही बाजूंनी धरलेली न राहता एका टोकाने लोंबते, आणि मग तिथला बोल्ट कितीही घट्ट असला तरी उपयोग नाही. नव्या चौकटीला बेल्ट जोडू असं कोणी सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. ती चौकट बॉडीचा आकार टिकवण्यासाठी आहे, बेल्टच्या झटक्यासाठी तिची चाचणी झालेली नाही.

मुलं त्या रांगेत बसणार असतील तर भोक मागे सरकवा. पुढची पट्टी वाचली, बेल्ट वाचला. वर झोपायची लांबी एक वीत कमी होईल.

आणि एसीचा डक्ट खाली घ्यायचा असेल तर आत्ताच ठरवा, चौकट बसल्यावर जागा उरत नाही.

मोजमाप

स्ट्रटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. "अमुक न्यूटनचे घ्या" असं छापील उत्तर या प्रश्नाला नाही, कारण जोर किती यापेक्षा तो बिजागरीपासून कुठे लावलाय यावर सगळं ठरतं. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, तुमची मापं घालून बघा.

आधी वजन. छत २.६ मीटर बाय १.५ मीटर धरलं तर जवळपास ४ चौरस मीटर. ३ मिलिमीटर जाडीचं फायबर चौरस मीटरला साडेचार-पाच किलो भरतं, म्हणजे नुसतं कवच २० किलोच्या आत. त्यात आतल्या मजबुतीच्या पट्ट्या, बिजागऱ्या, खटके, अस्तर, कॅनव्हासचा वरचा अर्धा भार धरून ५० किलो म्हणू. बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत २.५ मीटर, म्हणजे वजनाचा मध्य १.२५ मीटरवर. बिजागरीभोवती खाली ओढणारा पीळ: ५० × ९.८१ × १.२५ = सुमारे ६१३ न्यूटन-मीटर.

आता दोन्ही बाजूंना एकेक ८०० न्यूटनचा स्ट्रट. छतावरचं टोक बिजागरीपासून १ मीटरवर, बॉडीवरचं टोक ४३ सेंटिमीटरवर आणि १० सेंटिमीटर खाली. छत बंद असताना स्ट्रट जवळपास आडवा झोपलेला असतो, त्याचा जोर बिजागरीपासून फक्त १७ सेंटिमीटर अंतरावर लागतो. दोन्ही मिळून सुमारे २७६ न्यूटन-मीटर. हे ६१३ पेक्षा कमी, म्हणून छत आपोआप उघडत नाही. ही चांगली गोष्ट आहे. उरलेला फरक तुम्ही मागच्या कडेला हाताने भरून काढता, म्हणजे १३-१४ किलोचा जोर. एका माणसाला जमतो.

छत २५ अंशांवर गेलं की मागची कड मीटरभर वर. तिथे वजनाचा पीळ ५५६ आणि स्ट्रटचं अंतर ३८-३९ सेंटिमीटर झाल्यामुळे त्यांचा पीळ ६१७. छत टिकतं, पण बघा किती थोडक्यात टिकतं. गॅसचा दाब तापमानाबरोबर उतरतो, दर अंशाला साधारण ०.३४ टक्के. वीस अंश उतरले की ७ टक्के जोर गेला, ६१७ चे ५७४ झाले. अजून टिकतं.

आता छतावर १५ किलोचं सोलर पॅनेल लावा. वजनाचा पीळ उघड्या स्थितीत ७२२ होतो आणि स्ट्रटकडे ६१७ आहेत. छत खाली येतं, आणि वर मूल झोपलेलं असताना येऊ शकतं. म्हणून पॅनेल लावायचं की नाही हे स्ट्रट घेण्याआधी ठरवा, आणि काहीही ठरवलं तरी उघड्या छताला दोन्ही बाजूंनी टेकू देणारी घडीची पोलादी दांडी लावाच. स्ट्रटचा उपयोग उचलायला हलकं जावं म्हणून. टेकू म्हणून दांडीच. स्ट्रट वर्षागणिक दम सोडतात.

झोपायच्या फळीचं वजन छतावर येता कामा नये. ती चौकटीवर किंवा खांबांवर टेकवा.

पायवाट

मोजमाप, हे सोनं आहे. पॅनेल लावायचा विचार होताच, तो छतावरून काढून घडीचं, जमिनीवर मांडायचं पॅनेल घेईन. बिजागरी पुढे ठेवावी की मागे, यावरही वेगवेगळी मतं वाचली.

निळी_गाडी

पुढेच ठेवा. चालत्या गाडीत खटका सुटला तर पुढून येणारा वारा पुढे बिजागरी असलेल्या छताला वरून दाबून ठेवायला मदत करतो. बिजागरी मागे असली तर तोच वारा छताच्या पुढच्या कडेखाली शिरतो आणि ते उचलतो. मागे बिजागरी असलेली छतं कारखान्यातून येतात, पण त्यांचे खटके आणि पुढची कड त्यासाठी तयार केलेली असते. घरगुती कामात ती जोखीम घेऊ नये.

मागे दोन खटके लावा, त्याशिवाय एक स्वतंत्र पट्टा, आणि ड्रायव्हरसमोर दिवा पेटेल असा स्विच. निघताना घाईत खटका राहून जातो.

तंबूशिलाई

मी तंबू आणि गाड्यांची कापडं शिवते. कापडाकडे लोक शेवटी बघतात, रात्र मात्र त्याच्याच आत काढायची असते.

दोन माणसं झोपली की रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. गार रात्री ते फायबरच्या आतल्या बाजूला आणि कापडावर जमतं. पीव्हीसी चढवलेलं कापड पावसाला उत्तम, पण श्वास अजिबात घेत नाही, पहाटे आतून ठिबकतं. सुती-पॉलिस्टर मिश्र कॅनव्हास श्वास घेतो, पण ओला गुंडाळला तर बुरशी धरतो. सूत बनतानाच रंगवलेलं ॲक्रिलिक कापड उन्हात विटत नाही आणि बऱ्यापैकी श्वास घेतं. या कामाला मी तेच घेते. फायबरला आतून बंद पेशींचा पातळ फोम आणि वर कापडी अस्तर लावलं की थेंब पडणं खूप कमी होतं.

दोन्ही बाजूंना मच्छरजाळीच्या खिडक्या ठेवा आणि पाऊस असला तरी एक बोटभर उघडी राहील अशी वरून झापड द्या. शिलाईला पॉलिस्टर दोरा, जाड सुई, टाके फार जवळ नकोत, नाहीतर कापड तिकिटासारखं फाटतं. शिवण टेपने बंद करा.

छत बंद करताना कापड बाहेर येऊन कडेत चिमटतं, तिथेच पहिलं भोक पडतं. कापडाच्या मध्यावरून बाहेरच्या बाजूने तिन्ही बाजू फिरणारी इलॅस्टिक दोरी शिवा. छत खाली येताना ती कापडाला आत ओढते. शिवाय छत ओढायच्या आधी खालची एक खिडकी उघडा, आतली हवा निघायला वाट लागते, नाहीतर कापड फुगून बाहेर जातं.

आणि स्वयंपाक. कॅनव्हासच्या सगळ्या चेन बंद करून खाली गॅस पेटवू नका. गरम हवा वर जाते, तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही वर झोपलेल्यांकडे जातो, आणि त्याला वास नसतो. कोळशाची शेगडी आत कधीच नको, विझत आलेलीसुद्धा. वरच्या फळीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

पायवाट

ताई, इलॅस्टिक दोरीची युक्ती लिहून ठेवली. अलार्म घेतोच.

पत्राकाम, आता कापायच्या कामाचा क्रम सांगाल का? ओळखीच्या एका बॉडीवाल्याने "आधी कापू, मग मोकळ्या जागेत चौकट बसवू" असं सुचवलं. भोक मागे सरकवलं आहे, बेल्टवाली पट्टी शाबूत राहते, दोनच पट्ट्या कापाव्या लागतील.

पत्राकाम

क्रम उलटा करा, याबाबत मी हटून बसेन.

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, आत सामान नाही. सरकत्या दाराच्या भोकाचे दोन्ही कर्ण मोजा, मागच्या दाराचेही, आकडे तिथेच पत्र्यावर मार्करने लिहा. मग पट्ट्या जागेवर असतानाच आतून चौकट बसवा. जिथे चौकट पट्टीला छेदते तिथे पट्टीचं टोक चौकटीला आधी जोडा. सगळे जोड पूर्ण झाल्यावर पत्रा कापा आणि शेवटी मधल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी कापली की कर्ण पुन्हा मोजा. आकडा हलला तर थांबा. आधी कापलं तर बॉडी दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असते आणि तुम्ही नवी चौकट त्याच सरकलेल्या आकारात कायमची बांधता. मग दार लागत नाही, आणि दार घासून घासून बसवायची वेळ येते.

वेल्डिंग करत असाल तर बॅटरीच्या तारा काढा, अस्तर आणि फोम पूर्ण बाहेर, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक. खूप लांब वेल्ड ओढू नका, पातळ पत्रा लाटा मारतो. थोडं इथे, थोडं तिथे. चौकट पत्र्याला पूर्ण लांबीत वेल्ड करण्यापेक्षा खांबांच्या आणि पट्ट्यांच्या टोकांना वेल्ड आणि बाकी कडेला पॉलियुरेथेन चिकटवण, हे मी पसंत करतो. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंगही धरत नाही आणि नंतर दुसरं काही चिकटतही नाही.

चिकटवण सुकायला हवेतला ओलावा लागतो, तो बाहेरच्या कडेकडून आत जातो, पहिल्या दिवशी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. दोन पत्र्यांमध्ये दाबलेली रुंद पट्टी असेल तर आठवडाभर गाडी हलवू नका. चिकटवणीची जाडीही ठेवा, तीन मिलिमीटर तरी. तुमची चौकट पोलादाची आहे म्हणून ठीक, पण बाहेरची कड ॲल्युमिनियमची लावलीत तर उन्हात ५० अंशांचा फरक पडल्यावर २.६ मीटर पोलाद दीड मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम तीन. तो दीड मिलिमीटरचा फरक जाड, लवचिक थराने गिळायचा असतो. पातळ थर किंवा नुसते रिव्हेट तो गिळत नाहीत, ढिले पडतात.

कापायला ग्राइंडर वापरू नका. ठिणग्या खिडक्यांच्या काचांवर चिकटून बसतात, रंगात जळून घुसतात आणि महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके येतात. जिगसॉ (वरखाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत) घ्या, बारीक दाताच्या पात्याची आणि तळाला टेप लावलेली, किंवा पत्रा कुरतडणारा निबलर. काप संपला की त्याच दिवशी कड घासून झिंकचा प्राइमर. एक रात्रही उघडी कड ठेवू नका. कीस चुंबकाने आणि व्हॅक्यूमने काढा, विशेषतः दारांच्या खोबणीतून.

रानवारा

एक राहिलं. नोंदणी आणि विमा या दोन्हींना काम सुरू करण्याआधी लेखी कळवा. बॉडीतला असा बदल अनेक देशांत तपासणी करून कागदावर चढवावा लागतो आणि तपासनीस चौकटीचे जोड उघडे असताना बघू इच्छितो. अस्तर लावून झाल्यावर गेलात तर ते पुन्हा उतरवावं लागेल. काम संपल्यावर गाडी काट्यावर नेऊन पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्या, तेही पाण्याची टाकी भरून आणि सगळी माणसं बसवून. प्रवासी व्हॅनला वजनाची मुभा बरीच असते, पण आतल्या लाकूडकामाने ती केव्हाच खाल्लेली असते.

पायवाट

पत्र लिहिलं, दोन्हीकडे. चौकटीचा पाइप आणला आहे, बॉडीवाल्याला पत्राकाम यांचा क्रम वाचून दाखवला आणि तो तयार झाला. एक शेवटचा प्रश्न, बंद छताच्या कडेला रबर एक लावू की दोन?

पत्राकाम

दोन. बाहेरचं वारा आणि पाण्याचा मारा अडवायला, आतलं उरलेलं पाणी अडवायला. दोन्हींच्या मध्ये उथळ पन्हाळ ठेवा आणि तिच्या मागच्या दोन कोपऱ्यांना बोटाच्या जाडीच्या नळ्या जोडून खांबातून खाली गाडीबाहेर काढा. पुढच्या कोपऱ्यांनाही दोन लावा, उतारावर नाक खाली करून गाडी उभी केली तर पाणी तिकडेच जाईल. नळ्यांची खालची टोकं तिरकी कापा, म्हणजे चिखलाने बुजत नाहीत. चौकट लागली की कर्णांचे आकडे इथे टाका, कापायच्या आधी एकदा बघून सांगतो.